आराम हाय

माझी बायको दीपमाला गेल्याचं मला दाल मिलमध्ये कळलं. सकाळची पाळी होती. मशीन चालू असली की फोन ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे फोन डब्याच्या पिशवीत ठेवतो. आमचे मुकादम खुशालराव चाळणीजवळ आले आणि त्यांनी हाताने मशीन बंद करायची खूण केली. पाळी चालू असताना मशीन बंद करत नाहीत. मला वाटलं पट्टा तुटला.

"ललित, हात धुऊन घे," ते म्हणाले. "अमरावतीले जा लागते तुले."

"काय झालं?"

"तुह्या सालीचा फोन आला ऑफिसात. दीपमाला ग्राउंडवर पडली म्हणे."

"पडली म्हणजे? पाय मोडला का?"

 माझा डबा त्यांनी स्वतः पिशवीत भरला आणि पिशवी माझ्या हातात दिली. मुकादम कधी कोणाचा डबा भरत नाही. तेव्हा मला कळलं.

अकोल्याहून अमरावतीची बस मूर्तिजापूरला थांबली. लोक चहाला उतरले. माझ्या हातांवर, केसांत डाळीचा भुसा होता. बाजूच्या माणसाने विचारलं, "दाल मिलमध्ये हाय का भाऊ?" मी हो म्हटलं. यंदा तुरीचं कसं काय राहील, असं त्याने विचारलं. मी त्याला तुरीचं सगळं नीट सांगितलं. आवक किती आहे, माल ओला कसा येतो आहे, सगळं. बडनेरा येईपर्यंत मी बोलत होतो.

दवाखान्याच्या दारात पोलीस भरतीच्या अकॅडमीची पोरं-पोरी उभी होती. सगळ्यांच्या अंगावर ट्रॅकपँट, बुटांना ग्राउंडची माती. त्यांचे गोवर्धन सर पायरीवर खाली मान घालून बसले होते. माझी साली ज्योत्स्ना माझ्याकडे आली. दीपमालापेक्षा ती बरीच लहान.

"भाऊजी, ताई शेवटच्या राउंडले होती," ती म्हणाली. "पुढं होती सगळ्यायच्या."

आतल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाला सूज होती. तापानंतर कधी कधी येते. अशा वेळी माणूस पडून राहिला तर बहुतेक वेळा बरा होतो, पळाला तर हृदय थांबू शकतं. त्यांनी मला विचारलं, ताप आला होता का. मी म्हटलं, आला होता.

दीपमाला माझ्यापेक्षा जास्त शिकलेली होती. मी बारावी नापास, ती बी.ए. लग्नाआधीपासून तिला पोलीस व्हायचं होतं. आधीच्या भरतीत लेखी निघाली असती, पण ग्राउंडला मार्क कमी पडले. आमच्याकडे शारीरिक चाचणीला ग्राउंड म्हणतात. ग्राउंड मारायचं, ग्राउंड निघालं, ग्राउंड गेलं, असंच बोलतात. तिचं आठशे मीटर थोडक्यात गेलं होतं. वय संपत आलं होतं. ही भरती शेवटची. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं की तिने अमरावतीला कठोरा रोडवर ज्योत्स्नासोबत खोली करून राहायचं, दोघी बहिणींनी सोबत अकॅडमी लावायची आणि मी अकोल्यात राहायचं. सुटीच्या दिवशी मी जात होतो.

फोनवर मी म्हणायचो, "काय चाललं इन्स्पेक्टर बाई?"

ती म्हणायची, "तुमी दाळ पाखडा. मी चोर पकडते. पहिला चोर तुमचा खुशालराव, तुमाले सुटी देत नाही."

गोवर्धन सर फौजेतून आलेले. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर येतात, चुन्याच्या रेघा स्वतःच्या हाताने मारतात. ज्याच्याकडे बूट नाहीत त्याला कुठून तरी आणून देतात. पण त्यांची एक पद्धत होती. ग्राउंडच्या कडेला कडुनिंब आहे. कोणाचं काही दुखत असलं, कोणी आजारी असलं, तर सर मोठ्याने म्हणायचे, "आरामवाले कोण कोण हायेत? निंबाखाली बसा. मांडी घालून बसा. चहा सांगू का?" सगळे हसायचे. एकदा निंबाखाली बसलेल्या पोराला पुढे महिनाभर आरामवालाच म्हणायचे. त्यामुळे तिथे कोणी बसत नव्हतं. लंगडत पळायचे, उलट्या करून पळायचे, पण बसायचे नाहीत. सरांना वाटायचं, यालाच तयारी म्हणतात. तेव्हा आम्हालाही तसंच वाटायचं.

दिवाळीनंतर दीपमालाला ताप आला. अमरावतीत तेव्हा घरोघरी ताप होता. ती डॉक्टर केदार यांच्याकडे गेली. डॉक्टर तरुण आहेत, साताऱ्याकडचे. सासुरवाडी इथली म्हणून इकडे दवाखाना टाकला. बोलणं एकदम शुद्ध. त्यांनी तिला सांगितलं की चांगला आराम करा आणि मला विचारल्याशिवाय ग्राउंडवर जाऊ नका.

ती बसून राहिली. मला तिचा फोन यायचा, आवाज बारीक असायचा. काही दिवसांनी ताप उतरला. ग्राउंडच्या पोट्ट्या खोलीवर येऊन तिला म्हणाल्या, "काय वं ताई, निंबाखाली जागा राखून ठेवू का तुह्यासाठी?" ती हसली. मग तिने डॉक्टरांना फोन लावला.

या फोनची गोष्ट मला ज्योत्स्नाने सांगितली. दीपमाला गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता. भातकुलीजवळच्या त्यांच्या गावी, सासरे देवमन आणि सासू जाईबाई यांच्या घरी आम्ही होतो. भंतेजी गेले, पाहुणे जेवले, आणि ज्योत्स्ना मागच्या अंगणात माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई मनानं नाही गेली भाऊजी," ती म्हणाली. "तिनं डॉक्टरले इचारलं होतं. स्पीकरवर होता फोन, मी बाजूलेच होती. डॉक्टर म्हणे, आराम आहे ना? ताई म्हणे, हो सर, आराम हाय आता. तं तो म्हणे, छान, मग चालू ठेवा."

"चालू ठेवा म्हणे?"

"हो ना. मी आपल्या कानानं ऐकलं. तरी ताई म्हणे, अजून दोन दिवस पाहू का? पायऱ्या चढली की दम लागते. मीच म्हटलं, चाल ना वं ताई, डॉक्टरनं सांगतलं ना. मी तिले सकाळी उठवली. चहा करून देल्ला." ती जमिनीकडे पाहत होती. "डॉक्टरनं हो म्हटलं म्हून भाऊजी. नाही तं मी तिले उठवलीच नसती."

मी म्हटलं, तुझा काही दोष नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर केदारांकडे गेलो. मी भांडायला गेलो होतो. पेशंट संपेपर्यंत बाहेर बसलो आणि आत गेल्यावर सरळ विचारलं, "माझ्या बायकोले तुमी पळ म्हून काहून सांगतलं?"

त्यांना ती गेल्याचं माहीत होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं. "मी धावा म्हणालो नाही," ते म्हणाले. "उलट त्यांचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं. आराम आहे ना? त्या म्हणाल्या, हो, आराम आहे. मी म्हटलं, छान, चालू ठेवा. आराम चालू ठेवा, असं. त्यानंतर त्या धावल्या कशा, तेच मला समजत नाही. माझ्याशी खोटं का बोलल्या असतील?"

 मग मला सांगावं लागलं.

"ती खोटं नाही बोलली साहेब," मी म्हटलं. "आमच्यात दुखण्याच्या माणसाले इचारते, आराम हाय का? म्हणजे बरं वाटून राहिलं का. ताप गेला, दुखणं कमी झालं, तं म्हणते आराम हाय. आराम पडला. ती म्हणे मी बरी झाली. तुमी म्हटलं चालू ठेवा. तिनं पळणं चालू केलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "मी रोज हाच शब्द वापरतो. प्रत्येक पेशंटला." मग म्हणाले, "इतके दिवस मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

आम्ही तरी काय सांगणार. आम्हाला वाटतं, आपला शब्द सगळीकडे तसाच आहे.

मी भांडलो नाही. बाहेर आलो तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की हे ज्योत्स्नाला कळता कामा नये. डॉक्टरने हो म्हटलं, या एका गोष्टीवर ती उभी होती. तिलाही तेव्हा तो शब्द आमच्या अर्थानेच ऐकू आला होता. डॉक्टरांनी आराम करा म्हटलं होतं आणि तिने बहिणीला उठवलं, हे ती कसं सोसणार? मी ठरवलं की डॉक्टरचा दोष राहू द्यायचा. ते शिकलेले आहेत, सोसतील.

मी अकोल्याला परत कामावर गेलो. ज्योत्स्ना खोलीवर परत गेली. सासूचं म्हणणं होतं, "एक गेली, एक तं लागू दे बाप्पा नोकरीले." 

महिन्याभराने मी खोलीवर गेलो तेव्हा ती दारात चप्पल काढताना भिंतीला धरून उभी राहिली.

"पायाले काय झालं?"

"काही नाही. नडगी दुखते थोडीशी."

"दाखवलं का?"

"कोणाले दाखवू? त्या डॉक्टरले?" ती म्हणाली. "सर म्हणतात, हाड पक्कं होऊन राहिलं. गोळी घेते मी. पळताना नाही दुखत, मंग दुखते."

"मंग काही दिवस बस ना खोलीत."

"निंबाखाली?" ती हसली. "भाऊजी, सगळे मले दीपमालाची बहीण म्हणून ओळखतात. सर रोज सकाळी ताईचं नाव घेतात. शेवटच्या राउंडलेही ती थांबली नाही म्हणतात. अन् मी नडगी दुखते म्हून बसू?"

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ग्राउंडवर रोज काय सांगितलं जातं. दीपमाला मेली नव्हती तिथे. ती रोज पहाटे पोरांना पळवत होती.

सव्वीस जानेवारीला अकॅडमीने तिच्या नावाची दौड ठेवली. सरांचा मला फोन आला, "ललितभाऊ, तुमी आलेच पायजे. दोन शब्द बोलसान. पोट्ट्यायले तुमच्याकून मोटिव्हेशन भेटन." मी हो म्हटलं. मला वाटलं, बरं झालं. सगळ्यांसमोर सांगता येईल, आणि ज्योत्स्नाही ऐकेल. फोनची गोष्ट न सांगताही तिला थांबवता येईल.

ग्राउंडवर मोठा बॅनर लावला होता. दीपमालाचा फोटो आणि खाली 'जिद्दीला सलाम'. तो फोटो आमच्या लग्नातला होता, मला बाजूने कापलं होतं. 

सर आधी बोलले. मग माईक माझ्या हातात दिला. मी कधी माईकवर बोललो नाही. गाडीत बसून मी जेवढं पाठ केलं होतं तेवढं बोललो.

"दीपमाला माझी बायको होती. तिले ताप येऊन गेला होता. अंगात ताकद नव्हती. पायऱ्या चढली की दम लागे. तिनं आराम कराले पायजे होता. तिनं नाही केला. ती पळाली."

मला पुढे बोलायचं होतं. पण मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्या ग्राउंडने. सर डोळे पुसत पुढे आले आणि त्यांनी माईक माझ्या हातातून घेतला. "ऐकलं ना पोट्टेहो," ते म्हणाले. "अंगात ताकद नव्हती, तरी पळाली." टाळ्या आणखी वाढल्या. मी म्हटलं, सर, माझं राहिलं अजून. पण गाणं लागलं होतं आणि पोरं रेघेवर जाऊन उभी राहिली होती.

ज्योत्स्ना पहिल्या रांगेत होती. नडगीला पट्टी बांधलेली. मी तिच्याकडे जाईपर्यंत शिटी झाली.

ती पूर्ण पळाली. पाय टाकताना दरवेळी तिचं तोंड वाकडं होत होतं आणि बाकीच्या पोरी ओरडत होत्या, "ज्योती, ताईसाठी, ताईसाठी." रेघ ओलांडल्यावर ती खाली बसली आणि दोन पोरींनी तिला उचललं.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, तुमी तिच्या नावानं पोट्टे पळवू नका."

"मंग काय सांगू मी यायले?" सर म्हणाले. त्यांचा आवाज वर गेला नाही. "दीपमाला फुकट मेली असं सांगू? हे गरिबाचे लेकरं हायेत ललितभाऊ. यायच्याजवळ जिद्दीशिवाय काय हाय? मी आराम करा म्हटलं तं उद्या अर्धं ग्राउंड खाली होते."

"दुखणाईताले तं बसू द्या."

"फौजेत आमाले आराम हुकुमानं भेटे. वरचा म्हणे बस, तं आमी बसू. लाज नाही वाटे. इथं कोणाचा हुकूम हाय?"

"तुमचा," मी म्हटलं.

 त्यांनी निंबाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. "भरती होऊ द्या," ते म्हणाले. "मंग बोलू." आणि ते पोरांकडे निघून गेले.

त्याच दुपारी मी ज्योत्स्नाला ऑटोत घालून डॉक्टर केदारांकडे नेलं. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, मी तुझ्या दारातून हलणार नाही. तेव्हा आली.

एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. नडगीच्या हाडाला बारीक तडा होता. या वेळी ते अगदी सोपं बोलले. आराम हा शब्द त्यांनी घेतलाच नाही.

"पळायचं नाही," ते म्हणाले. "चालणंही कमी. दीड-दोन महिने. पळाली तर हाड मोडेल, मग सळई घालावी लागेल. त्यानंतर पोलीस भरती विसरून जा."

"ग्राउंड पुढच्या महिन्यात हाय माझं," ज्योत्स्ना म्हणाली.

"या वर्षीचं सोडून दे. तुझं वय आहे. पुढची भरती येईल."

"ताईले तं तुमी चालू ठेवा म्हटलं होतं," ती म्हणाली. "ती मेली. आता मले म्हणता पळू नको. तुमचं काय खरं मानू?"

डॉक्टर बोलायला लागले आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ज्योत्स्ना एक्स-रे पाकिटात घालत होती, तिचं लक्ष नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "माझी चूक झाली होती."

"हो ना," ती म्हणाली. "मंग आताही होत असन."

बाहेर ऑटोत ती मला म्हणाली, "पोलीस झाली की सगळ्यात पहिले याच दवाखान्यात येईन मी. वर्दीवर."

त्या दिवशी मला समजलं की मी काय करून ठेवलं. डॉक्टरचा दोष राहू दिला म्हणून आता ती डॉक्टरचं ऐकत नाही. सरांचं ऐकते. माझं ऐकून घेते आणि आपलंच करते. सासऱ्यांना मी गावी जाऊन एक्स-रे दाखवला. तो हातात धरूनच ते म्हणाले, "तुमीच सांगा जवाईबापू. ती तुमचंच ऐकन." सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "तिच्या ताईचं सपन हाय ते. नका मोडू." मग त्याच म्हणाल्या, "पण पाय जाऊ नये बाप्पा तिचा."

गेल्या रविवारी मी सांगायला गेलो होतो. ती स्टोव्हवर तवा ठेवून कापड गरम करत होती आणि नडगी शेकत होती. मला पाहून तिने पाय साडीच्या तुकड्याने झाकला. तो दीपमालाच्या जुन्या साडीचा होता.

"चहा घेता का भाऊजी?"

"नको. बस तू. ज्योत्स्ना, त्या दिवशी डॉक्टरचा फोन झाला ना..."

"त्याच्यावर मी रात्र-रात्र गंज इचार केला," ती मध्येच म्हणाली. "मले झोप नाही लागे पहिले. आता लागते. कारण ताईले मी नाही नेलं भाऊजी. डॉक्टरनं नेलं. मी तं फक्त चहा करून देल्ला."

तिने हे मला एकदा आधीही सांगितलं होतं. या वेळी तिने ते विचारल्यासारखं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी म्हटलं, हो. मग तिने चहा केला आणि आम्ही तो प्यालो.

सांगायचे दोनच शब्द आहेत. डॉक्टर आराम कर म्हणत होते, आम्ही आराम पडला म्हणत होतो. एवढं सांगितलं की तिला कळेल की डॉक्टर चुकले नव्हते, आणि मग हाडाच्या बाबतीतही ते खरं बोलत आहेत हे ती मानेल. ती थांबेल, याची मला खात्री आहे. पण त्यानंतर ती रात्री झोपेल की नाही, पुढे कधी झोपेल, हे मला माहीत नाही. एक बहीण पळता पळता गेली, दुसरी बसल्या जागी जाईल, अशी भीती वाटते. आणि सांगितलं नाही तर पाय जातो, आणि पायासोबत नोकरी जाते, जिच्यासाठी हे सगळं झालं.

तिचं ग्राउंड बुधवारी आहे. ती रोज सकाळी जाते. ज्योत्स्नाला मी अजून सांगितलेलं नाही.